खिदमत म्हणजे फुकट नव्हे

दरवर्षी १२ जानेवारीला आपण चार हुतात्म्यांना हार घालतो. कुर्बान हुसेन आपला, म्हणून आपली छाती जरा जास्तच फुगते. १९३१ साली फासावर गेलेला हा तरुण सोलापुरात गिरणी कामगारांची संघटना बांधत होता, हे मात्र आपल्या भाषणांत फारसं येत नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी जीएनएम करून शहरातल्या एका खासगी रुग्णालयात लागली. मूळ सर्टिफिकेटं मालकाच्या कपाटात. रात्रपाळीला तीस रुग्ण, आणि सांभाळायला ती व एक शिकाऊ मुलगी. पगार लिहायची मलाच लाज वाटते. तिथल्या मुलींनी युनियनचा विषय काढला, तसे तिचे अब्बा माझ्याकडे आले. "सर, समजवा तिला. नर्सचं काम म्हणजे खिदमत. त्यात कसली युनियन?"

मी विचारलं, "भाभी बिडीच्या मोर्च्याला जायच्या ना?" ते गप्प. जायच्याच की! हजार बिड्यांच्या मजुरीसाठी लाल झेंडा धरून. कुंभारीच्या गोदुताई वसाहतीतलं त्यांचं घरही त्याच झेंड्याची कमाई. बिडी वळणाऱ्या आईला युनियन चालते, शिकलेल्या लेकीला चालत नाही?

खिदमत हा मोठा शब्द, म्हणूनच त्याच्या आडून खिसा कापणं सोपं. खिदमत म्हणून रुग्णालय आपलं बिल माफ करतं का? मजुराच्या घामाची हदीस जुम्म्याला ऐकायची आणि घरी येऊन मुलीला सबर शिकवायचा!

"संप झाला तर रुग्णाचं काय?" असं विचारणाऱ्यांनी आधी ती रात्रपाळी बघावी. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. सरकारी सिस्टरांना निदान संघटना आहे. मे २०२२ मध्ये त्या कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या. खासगीतल्या मुलींना कोण? सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान २०,००० रुपये पगार असावा, अशी शिफारस केली. केरळात नर्सेस संघटित होत्या, म्हणून २०१८ मध्ये तिथल्या सरकारला किमान वेतनाची अधिसूचना काढावी लागली. आमच्या मुलीच्या पगाराला त्या शिफारशीचा वासही नाही.

युनियनच्या नोंदणीच्या अर्जाला किमान सात सह्या लागतात. त्यांच्याकडे सहा आहेत. अब्बांना मी सांगितलं, समजावतो की. पण तुमच्या मुलीला नाही, त्या सातवीला.