गो फर्स्टची दिवाळखोरी

गो फर्स्ट (पूर्वीचे नाव गोएअर) ही वाडिया समूहाची, स्वस्त दरात सेवा देणारी मुंबईस्थित विमानकंपनी होती. २००५ साली सुरू झालेली तिची उड्डाणे ३ मे २०२३ रोजी थांबली. प्रॅट अँड व्हिटनीने इंजिने वेळेवर न पुरविल्याने जवळजवळ निम्मी विमाने जमिनीवर राहिली, असा कंपनीचा दावा होता. उत्पादकाने तो फेटाळला.

तोट्यातील विमानकंपन्या जुनी विमाने विकून पैसा उभारतात. गो फर्स्टला तो मार्ग नव्हता; तिची ५४ विमाने भाडेपट्ट्यावरची होती. २६ एप्रिल २०२४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांची नोंदणी रद्द करण्याचा आदेश दिला. विमानांविना कंपनीच्या पुनरुज्जीवनाची शक्यता मावळली आणि २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने तिच्या अवसायनाचा आदेश दिला.