पल्ला वाढला म्हणून बाण सोडायचा?

अमेरिकेत शरद ऋतू हा धनुष्याने हरणाची शिकार करण्याचा हंगाम. तिथे स्थायिक झालेले काही मराठी तिरंदाज परवाना काढून रीतसर या शिकारीला जातात. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हौसेची शिकार हा गुन्हा आहे, आणि तो तसाच राहावा असे आमचे मत आहे. पण जिथे कायदा परवानगी देतो, तिथे तिरंदाजाने नव्या साधनांचा वापर कुठवर करावा, या प्रश्नावर तिरंदाजीच्या मासिकाने मौन पाळणे बरे नव्हे.

विसाव्या शतकात अमेरिकेत ही शिकार पुन्हा रुजली, त्यात ईशीचा वाटा मोठा. ‘याही’ नावाच्या जमातीचा हा अखेरचा माणूस १९११मध्ये कॅलिफोर्नियात ओरोव्हिलजवळ सापडला. सॅक्स्टन पोप या शल्यविशारदाने त्याच्याकडून धनुष्य बनवण्याची आणि शिकारीची विद्या घेतली. लांबच्या निशाण्यावर पोप ईशीपेक्षा सरस ठरत. ईशीचे खरे कसब होते जनावराच्या अगदी जवळ, त्याला चाहूल न लागता पोचण्यात.

पुढे मिसूरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी कंपाउंड धनुष्य घडवले; १९६९मध्ये त्याला पेटंट मिळाले. त्यातल्या कप्प्यांमुळे दोरी पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार खूप कमी होतो आणि नेम स्थिर राहतो. २०२३मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले, ते कंपाउंडवरच. कप्प्या आल्या म्हणून धनुर्विद्या बाटली, असे आम्ही मुळीच मानत नाही. आमचा आक्षेप आहे तो या साधनांच्या जोरावर अंतर वाढवत नेण्याला.

साधा हिशेब करून पाहा. लाँगबोचा बाण सेकंदाला १७० फूट जातो असे धरले, तर २० यार्डांवरच्या हरणापर्यंत पोचायला त्याला सुमारे ०.३५ सेकंद लागतात. दोरीचा आवाज त्याच्या ०.३० सेकंद आधी पोचतो. सेकंदाला २८० फुटांच्या कंपाउंडवर हीच फट ०.१६ सेकंदांवर येते; जनावराला दचकून हलायला निम्माच वेळ उरतो. हा यंत्राचा खरा फायदा. पण तेच कंपाउंड ६० यार्डांवर वापरले, तर फट जवळजवळ अर्ध्या सेकंदाची होते. वाटेत बाणाचा वेग घटतो, तो वेगळाच. म्हणजे पल्ला वाढवणारा शिकारी लाँगबोवाल्यापेक्षाही अधिक मोठी जोखीम घेतो, आणि ती जोखीम भोगायची जनावराने.

बाण मारतो तो रक्तस्रावाने. धारदार पाते दोन्ही फुप्फुसांतून गेले, तर जनावर काही क्षणांत कोसळते. तेच पाते वीतभर मागे, पोटात घुसले, तर जनावर तासन् तास तडफडते. अनेकदा सापडतही नाही. रेंजफाइंडर अंतर अचूक सांगतो, पण जनावर पुढचे पाऊल कधी उचलेल हे तो सांगू शकत नाही.

१९६१मध्ये स्थापन झालेल्या पोप अँड यंग क्लबने आपल्या विक्रमनोंदींसाठी, नेम धरायला मदत करणारी, धनुष्यावर बसवलेली इलेक्ट्रॉनिक साधने दीर्घकाळ नाकारली. अशा मर्यादा हव्यातच. पण रानात पंच नसतो. शेवटची मर्यादा ज्याची त्यानेच घालायची असते.

ती कशी ठरवावी? मैदानावरच्या बाणांच्या सर्वोत्तम गटावरून नव्हे. थंडीचे जाड कपडे घालून, मचाणाच्या उंचीवरून, हात गरम होण्याआधी सोडलेला दिवसाचा पहिला बाण जिथवर हमखास बसतो, तेवढाच आपला पल्ला. जनावर त्यापलीकडे असेल, सावध असेल किंवा तोंड आपल्याकडे करून उभे असेल, तर धनुष्य खाली घ्यावे. नवे धनुष्य जरूर घ्या. पण त्याने दिलेली अचूकता जनावराचे मरण जलद करण्यासाठी खर्ची घाला, आपले अंतर वाढवण्यासाठी नको.