उसने शब्द, स्वतःची भाषा

गेल्या गणेशोत्सवात आमच्या येथील मराठी मंडळाने मुलांसाठी निबंधस्पर्धा घेतली. एका मुलाने लिहिले होते, 'बाबांचे हिशेबाचे कागद टेबलावर असतात.' परीक्षकांनी 'हिशेब', 'कागद' आणि 'टेबल' या तिन्ही शब्दांखाली तांबडी रेघ ओढून गुण कापले. दुसऱ्याने लिहिले होते, 'आमचा घर विशाल आणि रमणीय आहे.' त्याला कोणी हटकले नाही. उलट शुद्ध शब्दांबद्दल त्याला बक्षीस मिळाले. 'बक्षीस' हा शब्द फारसी आहे, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही. समारंभात एका वक्त्यांनी, परमुलखात आपली मराठी बाटत चालली आहे, असा इशारा दिला. टाळ्या पडल्या. आम्हीही सवयीने वाजवल्या. त्या टाळ्या परत घेण्यासाठी हा लेखप्रपंच.

परके शब्द मोजून भाषेचे सोवळे ठरवणे हा मापच चुकीचा आहे, असे आमचे म्हणणे आहे. घरच्या वादात माणसाची दृष्टी निवळ राहत नाही, म्हणून दोन दूरच्या भाषांची साक्ष काढू. एक आर्मेनियन, दुसरी स्वाहिली. दोघींचे कूळ वेगळे, मुलूख वेगळा, वळण वेगळे. पण त्यांच्यावर आलेला आळ मात्र एकच.

आर्मेनियन ही आपल्या मराठीसारखीच इंडो-युरोपीय कुळातली. तिच्यात दहाला 'तास' म्हणतात. हा आपल्या 'दश'चा सख्खा भाऊ. परंतु शतकानुशतके इराणी सत्तांच्या सावलीत राहिल्याने तिने इराणी शब्द इतके घेतले की, पंडितांनी तिला इराणी भाषांच्याच पंक्तीला बसवले होते. हजाराला 'हझार', खुणेला 'न्शान', हे शब्द ऐकून आपल्यालाही ओळख पटते. अखेर 1875 साली ह्युब्शमान या जर्मन विद्वानाने उसने शब्द बाजूला काढून मूळ शब्दांची व प्रत्ययांची तपासणी केली आणि ही इंडो-युरोपीय कुळाची स्वतंत्र शाखा आहे असे सिद्ध केले. अंगावरची वस्त्रे परकी होती. हाडे तिची स्वतःची होती.

स्वाहिलीची कथा याहून नवलाची. ती पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची बांटू कुळातली भाषा. पण तिचे नावसुद्धा 'किनारे' या अर्थाच्या अरबी शब्दावरून आले आहे. सहा, सात आणि नऊ हे आकडे तिने अरबीतून घेतले, मधला आठ मात्र स्वतःचा ठेवला! तिच्यात लेखणीला 'कालामू', दिनांकाला 'तारेहे', हिशेबाला 'हेसाबू' आणि शासनाला 'सेरिकाली' म्हणतात. आपल्या कचेरीत बसल्यासारखे वाटावे. मग अनेकांनी तिला अरबी-आफ्रिकी खिचडी ठरवले यात आश्चर्य ते काय? पण अरबी 'किताब' तिने कसा पचवला ते पाहावे. स्वाहिलीत वस्तुवाचक नामांचा एक मोठा वर्ग 'कि'ने सुरू होतो आणि अनेकवचनी त्या 'कि'चा 'वि' होतो. 'किताबू'तला 'कि' हा तिने आपलाच उपसर्ग मानला आणि अनेकवचन केले 'विताबू'. चांगले पुस्तक म्हणजे 'किताबू किझुरी'. चांगली पुस्तके म्हणजे 'विताबू विझुरी'. विशेषणसुद्धा नामामागून निमूटपणे चालते. अरबाने हे ऐकून कपाळाला हात लावला तरी स्वाहिलीला त्याचे काय?

दोघींची तुलना एका शब्दात करावयाची तर 'स्वातंत्र्य' हा शब्द घ्यावा. आर्मेनियनने इराणी 'आझात' घेतला, म्हणजे आपला 'आझाद', आणि त्याच्या मागे स्वतःचा प्रत्यय लावून 'आझातुत्युन' केले. स्वाहिलीने अरबी 'हुर' घेतला आणि त्याच्या पुढे स्वतःचा 'उ' लावून 'उहुरू' केले. 1961 साली टांगानिका आणि 1963 साली केनिया स्वतंत्र झाले ते याच शब्दाच्या घोषात. शब्द उसना होता म्हणून स्वातंत्र्य उसने ठरले काय?

शुद्धिवादी म्हणतील, शिवाजीमहाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो काय उगीच? उगीच मुळीच नव्हे. नवे शब्द घडवणे हेही जिवंतपणाचे लक्षण आहे. दूरध्वनीसाठी आर्मेनियनने 'दूर' आणि 'बोलणे' यांपासून 'हेराखोस' घडवला. स्वाहिलीने तारेच्या फारसी नावावरून 'सिमू' घेतला. दोन्ही भाषांतली माणसे सुखाने बोलत आहेत. घडवावे की घ्यावे, हा रुचीचा प्रश्न आहे. घेतलेल्याला आपल्या व्याकरणाच्या शिस्तीत उभे करता येते की नाही, हा जीविताचा प्रश्न आहे.

आता त्या दोन मुलांकडे वळू. पहिल्याने तीन परके शब्द घेतले आणि तिघांनाही मराठी सामान्यरूपाच्या दारातून आत आणले: हिशेबाचे, कागद, टेबलावर. यातला 'कागद' प्रथमेत आहे म्हणून मोकळा राहिला, एवढेच. ते वाक्य अस्सल मराठी आहे. दुसऱ्याच्या वाक्यात परका शब्द एकही नाही. पण त्याचे 'घर' पुल्लिंगी झाले आहे. नपुंसकलिंग हिंदीत नाही, म्हणून त्याच्या कानातूनही ते गेले. भिंत पडत असता आम्ही तोरणाच्या पानांचा रंग तपासत बसलो आहोत.

आणि व्याकरण टिकते ते तांबड्या रेघांनी नव्हे, वापराने. 1794 साली श्मावोन्यान या धर्मगुरूंनी मायभूमीपासून हजारो मैलांवर, आपल्या मद्रासेत, 'अझदारार' हे जगातले पहिले आर्मेनियन नियतकालिक काढले. ते दोनच वर्षे चालले. पण परमुलखातली मूठभर व्यापारी माणसेही आपल्या भाषेत छापू आणि वाचू शकतात, हे त्याने दाखवून दिले. तिकडे ज्युलियस न्येरेरे यांनी राष्ट्राचा कारभार सांभाळताना शेक्सपिअरचे 'ज्युलियस सीझर' स्वाहिलीत आणले. ते 1963 साली प्रसिद्ध झाले. आमच्यापैकी किती जणांना त्यांच्याहून अधिक काम आहे?

तेव्हा आमची मंडळाला विनंती एवढीच, की पुढच्या स्पर्धेत 'टेबल' खुशाल राहू द्यावे. मात्र ज्या मुलाचा घर 'तो' झाला आहे, त्याला जवळ बसवून, त्याच्याशी रोज मराठीत बोलून, ते घर पुन्हा 'ते' करून द्यावे. आणि त्या पहिल्या मुलाचे कापलेले गुण सन्मानाने परत करावेत.