क्रूझर घेताना: रुबाब किती, हिशोब किती



मुलाने क्रूझर मागितली की आपण ‘नुसता दिखावा’ म्हणून मोकळ्या होतो. मला ते पटत नाही. ठेंगणी सीट, पुढे टेकलेले पाय, ताठ पाठ. लांबच्या प्रवासात याचे सुख असते.

पण हिशोब मांडा. मेटिऑर ३५० चे इंजिन ३४९ सीसीचे, म्हणून जीएसटी १८ टक्के. थोरली सुपर मेटिऑर ६५० तीनशे पन्नास सीसीच्या वर, म्हणून २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. वजनही १९१ किलोच्या जागी २४१. गल्लीत गाडी वळवताना ते पन्नास किलो रोज जाणवतात. विमा, टायर महाग. आणि रक्कम मोठी तितका घसाराही मोठा.

रोज कामावर आणि वर्षातून एकदा कुंभोजला जायचे, तर धाकटी पुरे. परिग्रह-परिमाण व्रत ‘घेऊच नका’ म्हणत नाही, मर्यादा ठरवा म्हणते. ती शोरूममध्ये नव्हे, घरातून निघण्याआधी ठरवावी.

रुबाबासाठी चामड्याचे जाकीट आणि बॅगा मात्र नकोत. जाड कापडाच्या मिळतात. वाचलेल्या पैशांतून चांगले हेल्मेट घ्या. तिथे काटकसर नको.