मेल येतो, पण जात का नाही?

रायपूरच्या समता कॉलोनीतून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. घर सांभाळून त्या पाच-सहा दुकानांचे हिशेब लिहितात. सकाळची कामं उरकली की डेस्कटॉपसमोर बसायचं, दुकानदारांनी मेलने पाठवलेली बिलं आउटलूकमध्ये उघडायची, कराचा तक्ता तयार करायचा (आधी व्हॅटचा, २०१७ पासून जीएसटीचा) आणि संध्याकाळपर्यंत ज्याचा त्याला धाडून द्यायचा, असा त्यांचा बारा-तेरा वर्षांचा शिरस्ता. गेल्या महिन्यात एक तक्ता आउटबॉक्समध्येच बसून राहिला. दुसरा पाठवला, तोही त्याच्या शेजारी जाऊन बसला. येणारे मेल मात्र सुरळीत येत होते. तेवढ्यात एका दुकानदाराचा फोन, "बहनजी, इस बार भूल गईं क्या?" मासिक विवरणपत्राची २० तारीख टळली की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क त्याला भरावं लागणार आणि बोल यांना लागणार. संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाला बोलावलं, तर त्याने दहा मिनिटं माऊस फिरवून निकाल दिला, "भाभीजी, फॉर्मेट मारना पड़ेगा."

"तर फॉर्मेट करून घेऊ का?" एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

नाही. मुळीच नाही. आणि हे उत्तर फक्त त्यांच्यापुरतं नाही, म्हणून आज सगळी जागा याच विषयाला देत आहोत.

आउटलूकसारख्या प्रोग्राममध्ये मेल दोन पद्धतींनी येतो. एका पद्धतीला आयमॅप म्हणतात. तिच्यात मूळ मेल कंपनीच्या सर्व्हरवर राहतो आणि आपल्या संगणकावर त्याची फक्त नक्कल असते. दुसरी पद्धत पॉप. ही जुनी. तिच्यात मेल सर्व्हरवरून उचलून आपल्या संगणकावर आणला जातो आणि आउटलूक तो पीएसटी नावाच्या एकाच मोठ्या फाइलमध्ये साठवतं. सर्व्हरवरची प्रत एक तर लगेच पुसली जाते, नाही तर काही दिवसांनी. २०१० नंतरच्या आउटलूकमध्ये ही मुदत मुळात १४ दिवसांची ठेवलेली असते. म्हणजे पॉप वापरणाऱ्या माणसाची सगळी जुनी पत्रं, बिलं, करार जगात एकाच जागी असतात, ती त्या लोखंडी डब्यातल्या हार्ड डिस्कवर. डिस्क फॉर्मेट केली की ती गेली. आउटगोइंगची तक्रार मात्र बहुतेक वेळा जिथली तिथेच राहते, कारण ती विंडोजमध्ये नसतेच.

आपलं खातं कुठल्या पद्धतीचं आहे हे ओळखायची सोपी खूण आहे. ब्राउझरमध्ये आपल्या मेलचं पान उघडा आणि इनबॉक्समधला सगळ्यात जुना मेल किती तारखेचा आहे ते बघा. तिथे फक्त गेल्या दोन आठवड्यांचे मेल असतील आणि आउटलूकमध्ये मात्र दहा वर्षांचे, तर फॉर्मेट हा शब्द त्या घरात उच्चारूसुद्धा नका.

आता मूळ कोड्याकडे वळू. येतो तर जात का नाही?

पोस्टमन रोज घरी टपाल टाकून जातो आणि आपण पत्र टाकायला मात्र चौकातल्या पेटीपर्यंत जातो, तसंच हे आहे. येणाऱ्या मेलचा सर्व्हर वेगळा, जाणाऱ्या मेलचा वेगळा. दोघांची नावं वेगळी, दारं वेगळी, आणि आपल्याला ओळखायच्या रीतीही वेगळ्या. चौकातली पेटी सील झाली म्हणून पोस्टमन यायचा थांबत नाही. म्हणून "मेल येतोय, म्हणजे इंटरनेट ठीक आहे, म्हणजे संगणकच बिघडला" हा तर्क पहिल्या पायरीलाच घसरतो.

जाणाऱ्या मेलच्या नियमावलीला एसएमटीपी म्हणतात. ती ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहून काढली. तेव्हा संगणकाच्या जाळ्यावर विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या, एकमेकांवर विश्वास होता. त्यामुळे पत्र टाकणाऱ्याने आपण कोण ते सिद्ध करावं, अशी अटच त्या नियमावलीत नव्हती. पंचवीस क्रमांकाच्या दाराशी यायचं आणि पत्र ठेवून जायचं. संगणकाच्या भाषेत या दारांना पोर्ट म्हणतात.

आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हाही जगभर साधारण असाच कारभार होता. ज्याच्या फोन जोडणीवरून आपण आत शिरलो त्याच्याच सर्व्हरवर पत्र टाकायचं. तो आपल्याला जोडणीवरूनच ओळखत असे. पुढे जाहिरातबाजांनी आणि भामट्यांनी या उघड्या दाराचा फायदा घेतला आणि लोकांच्या पेट्या नको त्या पत्रांनी भरून वाहू लागल्या. मग बंदोबस्त सुरू झाला. डिसेंबर १९९८ मध्ये ग्राहकांनी पत्र टाकण्यासाठी ५८७ क्रमांकाचं वेगळं दार ठरवण्यात आलं आणि १९९९ मध्ये तिथे नाव-पासवर्ड विचारण्याची रीत लेखी आली. पंचवीस क्रमांक सर्व्हरांच्या आपसातल्या देवाणघेवाणीसाठी राहिला. इंटरनेट पुरवणाऱ्या अनेक कंपन्यांनी घरगुती ग्राहकांसाठी तो बंदच करून टाकला, कारण विषाणू शिरलेला घरचा संगणक मालकाला पत्ता लागू न देता याच वाटेने हजारो मेल सोडत असतो. जानेवारी २०१८ मध्ये ४६५ या तिसऱ्या दाराला पुन्हा अधिकृत मान्यता मिळाली. तिथे पहिल्या अक्षरापासून सगळं बोलणं सांकेतिक रूपात होतं.

हा इतिहास सांगायचं कारण असं की घरोघरच्या डेस्कटॉपवर कुणीतरी दहा-पंधरा वर्षांपूर्वी करून दिलेली मांडणी अजून तशीच असते. त्या मांडणीत आउटगोइंगपुढे २५ लिहिलेलं असतं, आणि एवढी वर्षं ते चालत असतं!

समता कॉलोनीच्या भगिनींना आम्ही उलट तीन प्रश्न विचारले. ब्राउझरमधून तोच मेल जातो का? आउटलूक नेमकं काय कुरकुरतं? आणि गेल्या दोन महिन्यांत घरात काय बदललं?

पहिला प्रश्न सगळ्यात मोलाचा. ब्राउझरमधून मेल गेला, तर खातं, पासवर्ड आणि सर्व्हर तिन्ही ठीक आहेत आणि दोष आपल्या प्रोग्रामच्या मांडणीत किंवा वाटेत आहे. शिवाय तातडीचं काम तर तिथल्या तिथे झालं. विवरणपत्राचा तक्ता आधी ब्राउझरमधून पाठवून द्यावा, दुरुस्ती सावकाश करावी. तिथूनही गेला नाही, तर आपल्या संगणकाला हात लावू नये. जागा भरली असेल. उदाहरणार्थ, गूगलच्या मोफत खात्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी असतात. नातवंडांच्या व्हिडिओंनी ते भरले की मेल येणं-जाणं दोन्ही अडतं.

त्यांचं उत्तर आलं की ब्राउझरमधून मेल जातो. आउटलूक म्हणतं "सर्व्हरशी संपर्क होत नाही", आणि त्यापुढे शेवटी सीसीसी शून्य ई असलेला एक लांबलचक क्रमांक. आणि हो, आधीच्याच आठवड्यात जुनी जोडणी काढून दुसऱ्या कंपनीची फायबर जोडणी घेतली होती. मेकॅनिकला हे सांगितलं नव्हतं, कारण त्याने विचारलं नव्हतं.

इथेच गाठ सुटली. "संपर्क होत नाही" आणि "पासवर्ड चुकला" या दोन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत. पासवर्ड नाकारला असता तर ५३५ हा आकडा दिसला असता. दारच उघडत नाही याचा अर्थ वाट बंद आहे, किंवा आपण भलत्याच दारावर थापा मारतो आहोत. त्यांच्या मांडणीत आउटगोइंग पोर्ट २५ होतं. जुनी कंपनी ते चालू देत होती, नवी देत नाही. यात कुणाचाच गुन्हा नाही.

दुरुस्ती चार मिनिटांची आहे. आउटलूकमध्ये फाइल, मग अकाउंट सेटिंग्ज, तिथे आपलं खातं निवडून चेंज, मग मोअर सेटिंग्ज. नव्या आवृत्त्यांत ही खिडकी सापडली नाही, तर विंडोजच्या कंट्रोल पॅनलमधल्या मेल या चिन्हातून जावं. "आउटगोइंग सर्व्हर" या पानावर "माझ्या सर्व्हरला ओळख पटवणं आवश्यक" अशा अर्थाच्या इंग्रजी ओळीपुढे खूण करावी. मग "ॲडव्हान्स्ड" पानावर आउटगोइंगपुढे २५ खोडून ५८७ लिहावं आणि खालच्या चौकटीत स्टार्टटीएलएस निवडावं (काही आवृत्त्यांत नुसतं टीएलएस लिहिलेलं असतं). ४६५ वापरायचं असेल तर त्याच्या जोडीला एसएसएल. या जोड्या उलटसुलट करू नयेत; ५८७ ला एसएसएल लावलं की प्रोग्राम मिनिटभर घुटमळतो आणि पुन्हा तेच रडगाणं गातो. येणाऱ्या मेलच्या आकड्यांना अजिबात हात लावायचा नाही. ते चालू आहेत ना, मग चालू द्या. थंडरबर्ड वापरणाऱ्यांना हीच गोष्ट अकाउंट सेटिंग्जमध्ये डावीकडच्या यादीच्या अगदी तळाशी, "आउटगोइंग सर्व्हर" या नावाखाली मिळेल.

दोष जोडणीचा आहे की नाही हे बघायची आणखी एक युक्ती आहे. संगणक पाच मिनिटं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि मेल पाठवून बघा. गेला, तर घरची जोडणी अडवते आहे हे नक्की. नाही गेला, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण मोबाइल कंपनीही तेच दार बंद ठेवत असू शकते.

आता बाकीच्यांसाठी. प्रत्येकाचा रोग हाच असेल असं नाही.

आउटबॉक्समध्ये सगळ्यात आधी जाऊन बसलेला मेल बघा. पुष्कळदा तो एकटाच लठ्ठ असतो आणि दारात अडकून मागच्यांची रांग अडवतो. मेलला जोडलेली फाइल प्रवासापुरती साध्या अक्षरांत बदलली जाते आणि त्यात तिचं वजन साधारण एक तृतीयांशाने वाढतं. म्हणून सर्व्हरची मर्यादा २० एमबी असेल, तर १५ एमबीच्या फाइललाच दार अरुंद पडतं. ५५२ हा आकडा याच तक्रारीचा. असा मेल पुसायला गेलं तर "पाठवणं चालू आहे" म्हणून आउटलूक अडवतं. त्याला आधी "वर्क ऑफलाइन" करावं, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडावा, मग तो मेल ड्राफ्ट्समध्ये ओढावा.

पत्त्याच्या मधोमध रिकामी जागा किंवा टिंबाऐवजी स्वल्पविराम पडला, तरी कधी कधी सगळं पत्र अडून बसतं; वीस जणांच्या यादीत असा एकच असला तरी. मेल गेला आणि "असा पत्ता नाही" म्हणून परत आला, तर ती गोष्ट वेगळी. तेव्हा आउटगोइंग ठणठणीत आहे असं समजावं.

ज्यांचा मेल जातही नाही आणि येतही नाही, त्यांनी पासवर्डकडे बघावं. गूगलने ३० मे २०२२ पासून जुन्या प्रोग्रामना नुसत्या नाव-पासवर्डावर आत घेणं थांबवायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टने आपल्या घरगुती खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून तेच केलं. नव्या प्रोग्राममध्ये ब्राउझरची खिडकी उघडून ओळख पटवता येते. जुनाच प्रोग्राम हवा असेल तर गूगलच्या खात्यात आधी दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. आणि विंडोजबरोबर फुकट मिळणारा साधा "मेल" प्रोग्राम मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या अखेरीस बंदच केला. त्याच्यावर मेहनत करू नका.

फार जुन्या यंत्रांत आणखी एक गंमत होते. आतला नाण्याएवढा सेल संपतो, वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, आणि सर्व्हरचं ओळखपत्र "अजून लागूच झालेलं नाही" असं संगणकाला वाटतं. कोपऱ्यातली तारीख एकदा बघून घ्यावी. सेल किरकोळ किमतीत मिळतो.

मदतीसाठी इंटरनेटवर फोन नंबर शोधण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. मेल कंपनीच्या नावाने खोटे नंबर टाकून बसलेले लोक आहेत. ते संगणकाचा ताबा देणारा प्रोग्राम उतरवायला लावतात आणि मग बँकेकडे वळतात. तसं झालंच तर वेळ न दवडता १९३० वर तक्रार नोंदवावी.

पीएसटी फाइलची प्रत काढून ठेवा, हे वेगळं सांगायला नको. आउटलूक पूर्ण बंद करून, डॉक्युमेंट्समधल्या "आउटलूक फाइल्स" या फोल्डरमधून. पेन ड्राइव्हवर घेताना "फाइल फार मोठी आहे" असं म्हणून नकार आला, तर ड्राइव्हमध्ये जागा नाही असं समजू नका. फॅट-३२ पद्धतीच्या ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. ड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅट पद्धतीने तयार करून घ्यावा. फॉर्मेट करायचंच असेल, तर ते त्याला करा.

आणि आकडा बदलून "ओके" दाबण्यापूर्वी आउटबॉक्स एकदा वाचून काढा. मेल जाईना म्हणून माणूस तेच पत्र चार-पाचदा पाठवून ठेवतो, नंतर ब्राउझरमधूनही धाडतो. दार उघडलं की ते सगळे एकदम सुटतात आणि एकाच दुकानदाराला एकच तक्ता सहा वेळा जाऊन पोहोचतो.