जाळे पारध्याचे, ताट कोणाचे?

हळदी-कुंकू बदक हा आपल्या मातीतला पक्षी आहे. तो थंडीत परदेशातून येणारा पाहुणा नव्हे. बारमाही इथल्याच तळ्यांत आणि धरणांच्या पाण्यावर राहतो, काठच्या गवतात अंडी घालतो. काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा रंग आणि मुळाशी लाल ठिपके, म्हणून हे नाव. अंगाने भरलेला, म्हणून मांसाला गिऱ्हाईक.

या पक्ष्याला मारणे, जाळ्यात धरणे, त्याची अंडी उचलणे हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. २०२२ च्या दुरुस्तीने १ एप्रिल २०२३ पासून दंडाची कमाल मर्यादा २५ हजारांवरून १ लाखावर गेली. हा कायदा हवाच. 'पाणातिपाता वेरमणी' म्हणणाऱ्यांनी तरी याबाबत गुळमुळीत बोलू नये. प्रश्न एवढाच आहे की या कायद्याखाली आरोपीच्या पिंजऱ्यात उभा कोण राहतो?

थोडा इतिहास पाहू. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी राजस्थानातील भरतपूरच्या पाणथळीवर व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो आणि त्याच्या गोतावळ्याने एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. तो आकडा तिथे दगडात कोरून ठेवला आहे, जणू पराक्रमच! पुढे ती पाणथळ राष्ट्रीय उद्यान झाली आणि १९८२ साली गुरे चारण्यावर बंदी आल्यावर झालेल्या संघर्षात पोलिसांच्या गोळीने गावकरी मेले. पक्षी टिपणाऱ्या साहेबाचे नाव शिलालेखावर, म्हशी चारणाऱ्याचे पोलिसांच्या दप्तरात. १९७२ चा कायदा आला तरी शिकारीचे परवाने चालूच होते, ते १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाले. म्हणजे बंदूक आणि परवान्याची ऐपत असलेल्यांना सवड भरपूर मिळाली. पारध्याला मात्र १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली गेला, पण ठाण्यातली नजर गेली नाही.

मराठवाड्यातील एका तालुका कोर्टात मी असे एक प्रकरण चालवले. आरोपी पारधी, नायलॉनचे जाळे, चार बदके. पंचनाम्यात जाळ्याची लांबी-रुंदी होती, बदकांचे वजन होते, पंचांच्या सह्या होत्या. बदके कोणाकडे जाणार होती, याचा मात्र त्यात एक शब्द नव्हता. घरी चूल पेटत नाही तो चार बदके एकटा खाणार होता का? त्याच रस्त्यावर दोन ढाबे होते. तिथे काय शिजते हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होते. फक्त तपास अधिकाऱ्याला नव्हते!

कायद्यात पळवाट नाही, हे मुद्दाम सांगतो. कलम ४९ नुसार असा वन्यजीव बेकायदा विकत घेणारा, स्वीकारणारा हाही गुन्हेगारच आहे आणि कलम ५१ ची शिक्षा त्यालाही लागू होते. पण ढाबेवाला ओळखीचा असतो, त्याच्याकडे जेवायला येणारे साहेब तर अधिकच ओळखीचे. गिऱ्हाईक मोकळे राहिले की एक पारधी आत गेल्यावर दुसरा गरजू जाळे घेऊन पाण्यात उतरतो. त्याने ना बदक वाचते, ना पारध्याचे घर.

आणि तळेच बुजवून प्लॉट पाडणाऱ्यांचे काय? एका जाळ्यात चार बदके सापडतात. मुरमाच्या टिपरांनी तळे भरले की घरटी, गवत, पिल्ले सगळेच गाडले जाते. काठावर कोणते पाखरू कुठे अंडी घालते हे पारध्याइतके वनरक्षकालाही कळत नाही. मग राखणदारीच्या नोकऱ्यांत त्याला पहिला हक्क का नको?

चळवळीतील वकील बांधवांना एक विनंती. अशा खटल्यात फक्त जामिनावर थांबू नका. उलटतपासात तपास अधिकाऱ्याला विचारा की खरेदीदाराचा जबाब का घेतला नाही. पुराव्यात त्याचे नाव आले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५८ खाली, म्हणजे जुन्या कलम ३१९ खाली, त्याला आरोपी करण्याचा अर्ज द्या.