थायरॉइडची सूज उतरली, तरी रक्ततपासणी का थांबवू नये?

२०२० मध्ये इटलीतील पिसा येथील डॉक्टरांनी कोविडनंतर थायरॉइड ग्रंथीला सूज आलेल्या १८ वर्षांच्या तरुणीची माहिती प्रसिद्ध केली. तेव्हापासून हा जुनाच आजार पुन्हा चर्चेत आहे. विषाणूसंसर्गानंतर काही आठवड्यांनी गळ्याच्या पुढच्या भागात दुखते, कळ कानापर्यंत जाते, ताप येतो, धडधडते. अनेकदा घसादुखी समजून अँटिबायोटिक घेतले जाते.

पहिल्या रिपोर्टमध्ये टीएसएच कमी आणि टी४ जास्त दिसते. गल्लत येथेच होते. सुजलेल्या ग्रंथीतून साठलेले हार्मोन रक्तात गळत असते. नवे फारसे तयार होत नाही. त्यामुळे हार्मोनची निर्मिती रोखणाऱ्या कार्बिमाझोलसारख्या गोळ्यांचा उपयोग नसतो. वेदनाशामक, गरज पडल्यास स्टेरॉइड आणि धडधडीवर औषध, एवढे बहुधा पुरते.

ग्रेव्हज या ऑटोइम्यून आजारात मात्र ग्रंथी स्वतःच जादा हार्मोन बनवते. दोन्हींतला फरक ईएसआर, टीएसएच रिसेप्टर अँटिबॉडी आणि थायरॉइड स्कॅनवरून कळतो. डिलाईल रोडच्या रुग्णांना यासाठी लांब जावे लागत नाही. अणुवैद्यकातील बीएआरसीचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून जवळच परळला आहे. गर्भवतींचा हा स्कॅन करत नाहीत. स्तनपान सुरू असल्यास आधी सांगा.

पुढे काही महिने टीएसएच वाढू शकते. बहुतेकांची ग्रंथी वर्षभरात पूर्ववत होते. काहींना थायरॉक्सिन कायम लागते. क्वचित काहींना नंतर ग्रेव्हज किंवा हाशिमोटो होतो. सुजेत फुटलेल्या पेशींतील प्रथिने रक्तात येतात आणि मुळात तशी प्रवृत्ती असलेल्यांची प्रतिकारशक्ती ग्रंथीवरच उलटते, असे मानले जाते.

नुसती अँटिबॉडी सापडली म्हणून घाबरू नका. मुंबई आणि गोव्यासह आठ शहरांतील ५,३७६ प्रौढांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे २२ टक्के लोकांत टीपीओ अँटिबॉडी आढळली होती. त्यातल्या प्रत्येकाला आजार नव्हता.

मग काय करावे? दुखणे थांबले तरी रिपोर्ट स्थिरावेपर्यंत दर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच आणि टी४ तपासा, नंतर वर्षातून एकदा. धडधड परतली, वजन उतरू लागले किंवा डोळे बाहेर आल्यासारखे वाटले, तर जुन्या चिठ्ठीवरच्या गोळ्या पुन्हा सुरू करू नका. हा वेगळा आजार असू शकतो. थायरॉक्सिन सुरू असेल तर ‘ही गोळी कायमची आहे का?’ हे डॉक्टरांना सहा महिन्यांनी जरूर विचारा. गर्भधारणेचा विचार असेल तर त्याआधी टीएसएच करून घ्या.